पहिल्या वर्षाचे तत्त्वज्ञान

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी तत्त्वज्ञान हा विषय घेणारे विद्यार्थी बहुधा तो आपण होऊन घेत नाहीत. अर्थशास्त्राच्या वर्गात जागा उरलेली नसते, वेळापत्रकात इतिहास आणि मानसशास्त्र एकाच तासाला येतात, किंवा वरच्या वर्गातील कोणी कानात सांगतो की, या विषयात पाठांतर फारसे नाही. अशा रीतीने मूल त्या वर्गात जाऊन बसते. घरच्यांस त्याची वार्ता लागते ती मात्र प्रवेशपत्रिकेवरून नव्हे, तर दोन-तीन महिन्यांनी जेवणाच्या पानावर. सोमवार असतो, पानात नुस्ते नसते. कालपरवापर्यंत निमूटपणे वरणभात कालवणारी नात विचारते, ‘कित्याक?’ आजी म्हणते, ‘देवाक चलना.’ आणि नात पुन्हा विचारते, ‘देवान हें कोणाक सांगलें?’

आमच्या कचेरीत जमिनीच्या आणि वाटणीच्या कामांसाठी येणाऱ्या गृहस्थांपैकी एकाहून अधिक जणांनी, काम आटोपल्यावर, छत्री हाती घेता घेता, ही तक्रार आम्हांस ऐकविली आहे. विषय बदलून मिळण्याची काही तरतूद आहे काय, असेही एकाने विचारले. या मंडळींना हसण्याचे कारण नाही. मुलीने देवळात येणे सोडले तर सोडो, असे म्हणणारे बाप आमच्या समाजात थोडे आहेत; आणि जे शिक्षण चार पिढ्यांच्या आचाराला सोळा-सतरा आठवड्यांत प्रश्न विचारावयास लावते, ते आपण फी भरून मुलांस का द्यावे, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात निघणाऱ्या पुष्कळ प्रश्नांहून अधिक जिवंत आहे. आम्ही स्वतः कायद्याकडे वळण्यापूर्वी एक वर्ष त्या वर्गात बसलो आहोत. तेव्हा साक्षीदार म्हणून आमचे चार शब्द ग्राह्य धरण्यास हरकत नसावी.

या वर्गात शिकवितात तरी काय? गोव्यात १९६२ साली पणजी आणि मडगाव येथे महाविद्यालये निघाली तेव्हा ती मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. १९८५ पासून गोवा विद्यापीठ स्वतंत्र झाले. अभ्यासक्रम कितीदा तरी बदलले, परंतु पहिल्या वर्षाचा सांगाडा सर्वत्र ओळखीचाच असतो. सॉक्रेटिस आणि प्लेटो, थोडा देकार्त, थोडा ह्यूम, मिल्लचा उपयुक्ततावाद आणि त्याच्यासमोर कांट. आपल्याकडील चार्वाक, जैनांचा अनेकान्तवाद, प्रमाणविचार, पुरुषार्थ. आणि कोठे कोठे तर्कशास्त्राचे अनुमान, म्हणजे ‘सर्व मनुष्य मर्त्य आहेत’ इत्यादी. यांतील निम्म्याहून अधिक भाग परीक्षेनंतर महिन्याभरात विसरला जातो. विसरला जाण्यासारखाच तो भाग आहे, असेही आम्ही म्हणू. परंतु प्रारंभीच बहुधा एक लहानसा संवाद वाचावयास देतात. तो मात्र आम्हांस कायद्याची पदवी घेतल्यावर अधिकच कळू लागला. त्या संवादाचे नाव ‘युथिफ्रो’.

वकिलास तो आवडावा यात नवल नाही, कारण त्याचा आरंभच कोर्टाच्या ओसरीवर होतो. इसवी सनापूर्वी ३९९ चे वर्ष. नगराच्या देवांस मानीत नाही आणि तरुणांस बिघडवितो, असा आरोप सॉक्रेटिसवर आलेला आहे. त्या कामासाठी तो अथेन्समध्ये धर्मविषयक फिर्यादी पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीपाशी आला आहे. तेथे त्यास युथिफ्रो भेटतो. हा गृहस्थ देवधर्मातले आपणांस सर्व कळते असे समजणारा; आणि तो फिर्याद घेऊन आला आहे ती स्वतःच्या बापावर, आणि तीही मनुष्यवधाची. हकीकत अशी की, नॅक्सॉस बेटावर त्यांची शेती होती. तेथील एका मजुराने दारूच्या नशेत घरातील एका दासास मारून टाकले. बापाने त्या मजुराचे हातपाय बांधून त्यास एका खंदकात टाकले, आणि आता याचे काय करावे, हे धर्मशास्त्र सांगणाऱ्यास विचारून येण्यासाठी अथेन्सला माणूस पाठविला. माणूस परत येण्यापूर्वीच तो मजूर भुकेने, थंडीने आणि बंधनांनी खंदकात मरण पावला.

युथिफ्रोचे नातलग संतापले आहेत: बापावर फिर्याद म्हणजे अधर्म. युथिफ्रो म्हणतो, नव्हे, हाच धर्म. आणि दाखला देतो तो साक्षात झ्यूस देवाचा. त्या देवानेही आपल्या अन्यायी बापाला बेड्या घातल्या होत्याच की! (वरिष्ठ न्यायालयाचा निवाडा हाती असला म्हणजे वकिलाच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते येथे युथिफ्रोच्या चेहऱ्यावर आम्हांस स्पष्ट दिसते.) सॉक्रेटिस त्याला एवढेच विचारतो की, धर्म म्हणजे काय ते मला सांग. युथिफ्रो म्हणतो, देवांना जे प्रिय तो धर्म. परंतु तुमच्या देवांत तर भांडणे आहेत. एकास प्रिय ते दुसऱ्यास अप्रिय. बरे, सर्व देवांना जे प्रिय ते. यावर तो सुप्रसिद्ध प्रश्न येतो: एखादी गोष्ट देवांना प्रिय आहे म्हणून ती धर्म ठरते, की ती धर्म आहे म्हणून देवांना प्रिय होते?

ऐकताना हा शब्दांचा खेळ वाटतो. पहिल्या दिवशी वर्गातील अर्धी मुले हसतात. परंतु वाचकांनी तो क्षणभर आपल्या देवळाच्या सभामंडपात आणून पाहावा. पहिला पर्याय खरा मानला, तर देवाने उद्या उलट आज्ञा केली की अधर्म तोच धर्म होईल. आणि मग देव चांगला आहे, या आपल्या वाक्याला काही अर्थ उरत नाही, कारण तो जे करील त्यासच चांगले म्हणावयाचे असे आपण आधीच ठरविले आहे. दुसरा पर्याय खरा मानला, तर ‘देवाला चालत नाही’ एवढे सांगून आपली सुटका नाही. देवाला का चालत नाही, हेही सांगावे लागते; आणि ते कारण माणसांस समजेल असे असावे लागते.

आमच्याकडे तर देवाला थेट विचारण्याची सोय आहे. गोमंतकातील देवळांत कौल-प्रसाद घेतात, हे येथील वाचकांस सांगावयास नको. परंतु इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांसाठी सांगतो. मूर्तीच्या अंगावर पाण्याने फुलांच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार समजतात. विवाह, विहीर, प्रवास, घराचे बांधकाम, कितीतरी गोष्टी या पाकळ्यांवर ठरल्या आहेत. आम्ही या प्रथेची टवाळी करण्यासाठी तिचा उल्लेख करीत नाही. संभ्रमात पडलेल्या माणसाला पाकळी पडताना जो धीर येतो, तो आमच्या सल्ल्याने येत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

परंतु दिवाणी कामे चालविणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दाव्यात साक्षीपुरावा होण्यापूर्वी न्यायाधीश वादमुद्दे काढतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील चौदावा आदेश त्यासाठीच आहे. मुद्दा कसा काढला यावर अर्धा दावा ठरतो. ‘वादीने भिंत बेकायदा बांधली काय?’ आणि ‘भिंतीखालची जमीन वादीची आहे काय?’ हे दोन मुद्दे एकाच भिंतीचे आहेत, पण त्यांची उत्तरे दोन भिन्न माणसांस घरी पाठवितात. तसेच सूचक प्रश्नाचे. उत्तर ज्याच्या पोटातच दडलेले आहे असा प्रश्न सरतपासात प्रतिपक्षाने हरकत घेतली असता परवानगीवाचून विचारता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते आहे. आता पाकळी पडते ती देवाच्या अंगावरून. पण गाऱ्हाणे कोण घालतो? प्रश्नाचे शब्द कोण योजतो? कोणता प्रश्न देवापुढे न्यावयाचा आणि कोणता नेऊच द्यावयाचा नाही, हे कोण ठरवितो? ही सारी कामे माणसांची आहेत. देवाने उत्तर दिले असेल. मुद्दा मात्र महाजनांनी काढलेला असतो.

आमच्या मते पहिल्या वर्षाच्या तत्त्वज्ञानाचा खरा लाभ, काही असलाच, तर तो येथे आहे. उत्तर मिळण्यापूर्वी प्रश्नाकडे पाहण्याची सवय त्या वर्गात लागते. नातीने आजीला विचारले ते देव आहे की नाही, हे नव्हे. देवाच्या नावाने कोण बोलत आहे, एवढेच तिने विचारले. हे दोन प्रश्न घरात एकच समजले जातात, आणि तेथेच सर्व कलह सुरू होतो.

कोणी म्हणेल, हा यवनांचा खटाटोप. आपल्या परंपरेला त्याचे काय? आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि तो करणाऱ्यांनी आपली परंपरा कधी उघडून पाहिली आहे की काय, याची आम्हांस शंका आहे. वैदिक कर्मकांडाचे सर्वांत कट्टर समर्थक जे पूर्वमीमांसक, त्यांनी युथिफ्रोच्या पेचाचे उत्तर असे दिले आहे की ते ऐकून आजी चकितच व्हावी. धर्म हा वेदाच्या विधिवाक्यांनी कळतो, पण वेद हा कोणाचाच रचलेला नाही, देवाचाही नाही. म्हणजे आज्ञा आहे. आज्ञा करणारा कोणी नाही. इतकेच नव्हे, तर देवतेस शरीर नाही, ती हवी भक्षण करीत नाही, असे शबरस्वामींनी आपल्या भाष्यात सविस्तर प्रतिपादन केले आहे. ज्यांनी यज्ञाचा प्रत्येक तपशील जिवापाड जपला, त्यांनीच ‘देवाला आवडते म्हणून’ हे कारण बाजूला सारले. वेदान्त्यांस हे मान्य झाले नाही. देवतांस विग्रह आहे असे ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात आचार्यांनी उलट सिद्ध केले. वाद झाला, ग्रंथ झाले, कोणीही कोणास वाळीत टाकले नाही. मनुस्मृतीही धर्माची लक्षणे सांगताना श्रुती आणि स्मृती यांवर थांबत नाही; सज्जनांचा आचार आणि आपल्या अंतःकरणाचे समाधान यांसही ती त्याच पंक्तीत बसविते. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ तर चार्वाकापासूनच सुरू होतो, आणि तो पक्ष असा मांडला आहे की, चार्वाक जिवंत असता तर त्याने वकीलपत्र त्यांनाच दिले असते. ज्या समाजात कवळे मठाचे अद्वैती आणि पर्तगाळी मठाचे द्वैती पिढ्यान्‌पिढ्या परस्परांच्या उत्सवांस जात-येत आले, जीव आणि ब्रह्म एक की कायमचे भिन्न याविषयी मतभेद असतानाही एकत्र राहिले, त्या समाजाने एका मुलीच्या ‘कित्याक?’ला घाबरावे हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

मात्र पालकांचा पक्षही पुरता मांडला पाहिजे. नैयायिकांनी वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्व कळावे म्हणून जो करतात तो वाद. केवळ जिंकण्यासाठी तो जल्प. आणि स्वतःचा काही पक्षच न मांडता दुसऱ्याचे तेवढे खंडन करीत सुटणे ती वितंडा. यांपैकी जल्प हा आमचा धंदा आहे, तेव्हा त्याविषयी आम्ही गप्प बसतो. परंतु पहिल्या वर्षाच्या वर्गातून मुले घरी आणतात ती बहुधा वितंडा असते, हे नाकारता येणार नाही. देकार्ताने सर्वांवर संशय घेतला, हे पहिल्या सत्रात होते. त्या संशयातून तो पुढे काय उभारू पाहत होता, हे परीक्षेच्या घाईत धड होत नाही. खंडन शिकावयास एक महिना पुरतो. आजीच्या सोमवारामागे काय आहे, म्हणजे आठवड्यातून एक दिवस जिभेला आवरणे, सासरी आल्या दिवसापासून पन्नास वर्षे न मोडलेला एक नेम, नवरा आजारी असताना बोललेला एखादा नवस, हे समजून घ्यावयास किती काळ लागतो, हे अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. पूर्वपक्ष मांडणे म्हणजे प्रतिपक्षी ‘होय, माझे म्हणणे हेच’ असे म्हणेल इतक्या प्रामाणिकपणे मांडणे. मुलीने आजीचा पूर्वपक्ष असा मांडून दाखविला नाही, तर ती तत्त्वज्ञान शिकली असे आम्ही म्हणणार नाही. गुण कितीही पडोत.

आणि तरीही, विषय बदलून घ्या, असे आम्ही कोणासही सांगितलेले नाही. त्याचे कारण पाठ्यपुस्तकात नाही. ते कायद्याच्या एका निवाड्यात आहे, आणि तो निवाडा आमच्याच समाजाचा आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मुल्की येथील श्रीवेंकटरमण देवस्थान हे गौड सारस्वतांचे. मद्रास प्रांतात १९४७ साली मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. हे देऊळ आमच्या समाजापुरते स्थापलेले आहे, म्हणून त्यास तो कायदा लागू नाही, अशी विश्वस्तांची भूमिका होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ८ नोव्हेंबर १९५७ रोजी पाच न्यायमूर्तींनी निर्णय दिला. देऊळ एका संप्रदायाचे आहे, हे न्यायालयाने मान्य केले. देवळात कोणी यावे हा आगमांनुसार धर्माचाच विषय आहे, हेही मान्य केले. परंतु हिंदूंच्या सार्वजनिक स्वरूपाच्या धर्मसंस्था सर्व हिंदूंस खुल्या करण्याची जी मुभा राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिली आहे, ती सव्विसाव्या अनुच्छेदातील सांप्रदायिक हक्कांहून वरचढ ठरविली; आणि काही विशिष्ट विधींच्या वेळी प्रवेश समाजापुरता राखण्याचा अधिकार तेवढा शिल्लक ठेवला. निवाडा म्हणून तो अतिशय रेखीव आहे.

पण तो निवाडा काय सांगतो? कोणता अनुच्छेद वरचढ, हे सांगतो. दार आधीच उघडावयास हवे होते काय, हे तो सांगत नाही. ते न्यायालयाचे काम नव्हे. त्याही आधी, १८६८ साली, मदुरेच्या कलेक्टरच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ठरविले होते की, हिंदू कायद्यात रूढी स्पष्टपणे शाबीत झाली तर ती लिखित वचनासही मागे सारील. तेव्हापासून आम्ही वकील रूढी शाबीत करीत आलो आहोत: ती प्राचीन आहे, अखंड आहे, निश्चित आहे. ती न्याय्य आहे काय, हा मुद्दा निघतो तो सर्वांत शेवटी आणि बहुधा हळू आवाजात. जो प्रश्न समाजाने आपल्या सभामंडपात बसून स्वतःस विचारावयाचा, तो तेथे विचारला गेला नाही म्हणून दिल्लीस गेला. नाशिकला काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह सुरू झाला, पंढरपूरच्या विठ्ठलासाठी साने गुरुजींस १९४७ साली उपोषणास बसावे लागले. या प्रत्येक ठिकाणी ‘देवाला चालत नाही’ असे सांगणारी सज्जन, नेमधर्माने राहणारी माणसे होती. त्यांपैकी कोणी दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. ती युथिफ्रोच्या बापासारखी होती, म्हणजे धर्मशास्त्र्याकडून निरोप येण्याची वाट पाहत होती. आणि तोवर खंदकात कोणी तरी पडलेले होते.

आज हे वाचून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण ते दार आता उघडे आहे. गोव्यात देवस्थानांचा कारभार पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीच्या चौकटीत महाजनांच्या हाती राहिला. त्या महाजनांच्या यादीत आजोबांचे नाव आहे, मामाचे आहे. आईचे का नाही, असे उद्या तीच नात विचारील. आम्ही येथे त्याचे उत्तर देत नाही. कुळाचा इतिहास, मिळकतीचा उगम, सेवेचे हक्क, असे पुष्कळ काही त्यात आहे, आणि प्रत्येक देवस्थानाची कागदपत्रे वेगळी. पण ‘देवाक चलना’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही, इतके पहिल्या वर्षाच्या त्या वर्गाने तिला शिकविलेले असेल. कारण असेल तर ते मांडावे लागेल, तिला समजेल अशा शब्दांत.

राहता राहिली श्रद्धा जाण्याची भीती. बेळगाव-जमखंडीकडील वाचकांस गुरुदेव रा. द. रानडे यांचे नाव सांगावे लागत नाही. ते आयुष्यभर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक; आधी पुण्यास आणि सांगलीस, पुढे अलाहाबाद विद्यापीठात. ग्रीक तत्त्ववेत्त्यांवर त्यांनी निबंध लिहिले, उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६ साली निघाला, महाराष्ट्रातील संतांवरचा १९३३ साली. आणि हेच गृहस्थ निंबाळच्या आश्रमात नामस्मरणात तासन्‌तास बसत. १९५७ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. प्रत्येक विद्यार्थी रानडे होत नाही, हे खरेच. ज्याची श्रद्धा एका सत्राच्या अभ्यासाने गेली, त्याची कदाचित कॉलेजच्या उपाहारगृहातही गेली असती. परंतु हा वकिली युक्तिवाद झाला, आणि तो आम्ही आग्रहाने मांडीत नाही. काहींची खरोखरच जाते. त्या मुलांशी घरात बोलणे चालू राहिले पाहिजे, आणि ते त्यांना गप्प बसवून राहत नाही.

आमच्या देवळांत अजून कीर्तन होते. पूर्वरंगात बुवा एखादा सिद्धान्त घेऊन त्यावर शंका काढतात, शंकेचे निरसन करतात, मग बुक्का लावून घेऊन उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यानांत हरिश्चंद्र येतो, नचिकेता येतो. नचिकेता तर बापाला आणि यमाला प्रश्न विचारूनच अजरामर झाला. या मंडळींच्या रांगेत तो नॅक्सॉस बेटावरचा मजूर, तो फिर्यादी मुलगा आणि ओसरीवर भेटलेला तो म्हातारा यांना बसविण्यास कोणा बुवांची हरकत नसावी, असे आम्हांस वाटते. येत्या जत्रेच्या सप्ताहात एक रात्र त्यासाठी मिळाली, तर पूर्वरंगाला विषय आम्ही सुचवू. सभामंडपात आजी पुढे बसलेली असेल. नातही खांबाला टेकून का होईना, ऐकायला येईल.